पॉलिश न लागणारे जोडे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याला नोकरी करणारा भाचा सुट्टीला आला तो माझ्यासाठी बुटांचा एक जोड घेऊन. वाळूच्या रंगाचे, मखमलीसारखे मऊ, बोट फिरवलं की रेघ उमटणारे. "मामा, स्वेडचे आहेत, जरा जपून वापरा," एवढं सांगून तो परत गेला. जपून म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बूट ते बूट, त्यात काय विचारायचं?

आता साक्रीत राहणाऱ्या माणसाने स्वेडचे बूट घालायचे हा तसा विनोदच आहे. सुरतेकडून धुळ्याकडे जाणारा महामार्ग गावाला लागून. दिवसरात्र ट्रक. उन्हाळाभर धूळ आणि पावसाळा लागला की काळ्या मातीचा चिखल. हा चिखल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. पाय उचलला तर पाय वर येतो, चप्पल खालीच राहते!

तर तिसऱ्याच दिवशी शेताच्या बांधापर्यंत जायचं काम निघालं आणि नवे बूट घोट्यापर्यंत भरले. घरी आल्यावर मी तेच केलं जे आयुष्यभर करत आलो. ओलं फडकं घेतलं आणि खसाखसा पुसलं. चिखल गेला नाही, आणखी पसरला. मग नळाखाली धरले. मग गच्चीवर उन्हात ठेवले. दुसऱ्या दिवशी बघतो तर बूट पापडासारखे कडक, आणि जिथं पाणी लागलं होतं तिथं कडेने पांढरट वेटोळं. एकेकाळची मखमल आता गोणपाटासारखी दिसत होती.

घरात कोणाला कळायच्या आत ते तसेच पायात घालून स्टँडकडे गेलो. तिथं एक चांभारबाबा बसतात. किती वर्षं बसतात कोण जाणे, मी कळता झाल्यापासून बघतोय. नेहमीच्या सवयीने मी त्यांच्या लाकडी खोक्यावर पाय ठेवला आणि म्हटलं, "बाबा, जरा चकचकीत करून द्या."

त्यांनी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "भाऊ, येले पालिश चालत नही. बूट काढ."

मी बूट काढले. त्यांनी पायाखाली घ्यायला पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. बूट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी फिरवून बघितले, अंगठ्याने दाबून बघितले. आणि मग पेटीतून एक कोरडा ब्रश काढून माझ्याच हातात दिला. "एकच बाजूले मार. हळू." एवढं बोलून ते कोणाच्यातरी तुटलेल्या सँडलचा पट्टा शिवायला लागले. त्यांना वेळ नव्हता, एवढंच. त्यात दुसरा काही अर्थ नव्हता.

पण मला मात्र घाम फुटला. भर दुपारी, स्टँडसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मी एका फळीवर बसून बूट घासतोय! खोटं कशाला सांगू, पहिली पाच मिनिटं मी ब्रश मारतच नव्हतो, ओळखीचं कोणी बघत तर नाही ना हेच बघत होतो. आणि नेमका एक ओळखीचा गृहस्थ आलाच. थांबला, हसला आणि म्हणाला, "काय हो, धंदा बदलला की काय?"

मीही हसलो. पण कान गरम झाले होते. चांभारबाबांनी मान वर केली नाही. त्यांची सुई चालूच होती.

हा लेख खरं म्हणजे त्या हसण्याबद्दल आहे. बूट कसे साफ करायचे तेही सांगणार आहे, कारण ते मी नंतर रीतसर शिकलो. पण आधी हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आमचे नाना, म्हणजे वडील, दर शनिवारी स्टँडवर बूट पॉलिश करून घ्यायचे. मी लहान असताना त्यांच्याबरोबर जायचो. बूट काढायची पद्धतच नव्हती. खोक्यावर पाय ठेवायचा, एका हातात पेपर धरायचा, आणि खाली वाकलेला माणूस ब्रश मारायचा. एक पाय झाला की तो खोक्यावर टकटक करायचा, की नाना पाय बदलायचे. एक शब्दही बोलणं व्हायचं नाही. ती टकटक मला अजून ऐकू येते. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही, आणि पुढे मीसुद्धा वर्षानुवर्षं तसाच पाय ठेवत आलो.

नाना वाईट माणूस होते का? अजिबात नाही. चार पैसे जास्तच द्यायचे. घरी मात्र बुटाला हात लागला की आजी हात धुवायला लावायची. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे करायचं काम आमच्याकडे होतं, पण कातड्याच्या बुटाला हात लावायचा नाही. कापडाला चालतं आणि कातड्याला चालत नाही, हा फरक का, हे कोणी सांगितलं नाही. न सांगताच कळलं. आपल्याकडे असल्या गोष्टी न सांगताच कळतात.

आता बुटांकडे येऊ. त्या दिवसानंतर मी हट्टाला पेटलो. चांभारबाबांना विचारलं, इकडेतिकडे वाचलं, आणि स्वतःच्या बुटांवर प्रयोग करत गेलो. जे हाती लागलं ते सांगतो.

कातडं जाड असतं. यंत्राने त्याचे आडवे दोन थर करता येतात. वरच्या थरावर जनावराच्या केसांच्या छिद्रांची मूळ नक्षी असते. तो गुळगुळीत असतो, आपल्या नेहमीच्या चकचकीत बुटांचा. खालचा थर नुसत्या तंतूंचा. तो घासून त्याची लव काढली की झालं स्वेड. शेळीमेंढीचं पातळ कातडं असेल तर थर न करता त्याची आतली बाजूच बाहेर काढतात. नुबक मात्र वरच्या थराचंच असतं. वरची बाजू अगदी बारीक घासून तिच्यावर पीचच्या सालीवर असते तशी बारीक लव आणतात. त्यामुळे नुबक जास्त टिकाऊ आणि स्वेड जास्त मऊ. स्वेड हा शब्द फ्रेंचांनी स्वीडन देशाला ठेवलेल्या नावावरून आला. स्वीडनचे हातमोजे म्हणून हे मऊ कातडं आधी फ्रान्समध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे हातातली वस्तू पायात आली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आपल्याकडे नुबक घराघरात पोचलं ते वुडलँडच्या बुटांमुळे. ही कंपनी 1992 मध्ये भारतात आली आणि ते उंटाच्या रंगाचे जाडजूड बूट कॉलेजच्या पोरांचं स्वप्न होऊन बसले. माझ्याही एका मित्राने पैसे साठवून घेतले होते आणि पहिल्याच आठवड्यात प्रेमाने तपकिरी पॉलिश चोपडलं होतं. बूट काळपट आणि चिकट झाले. दोष बुटाचा नव्हता. पॉलिश हे मेणाचं असतं. ते गुळगुळीत कातड्यावर वर बसतं आणि चमकतं. लव असलेल्या कातड्यात ते आत शिरतं, तंतू एकमेकांना चिकटतात, लव बसते ती बसतेच. म्हणून पहिला नियम: स्वेड आणि नुबकला मेणाचं पॉलिश नाही. बिनरंगाचंही नाही.

दुसरा नियम: घाई नाही. माझी मोठी चूक ही होती की मी ओला चिखल पुसला. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून तडकते, हे आपल्याला शेतातल्या भेगा बघून माहीत असतं. तेच बुटावर होतं. चिखल भरला की काहीही करू नका. बूट सावलीत, वाऱ्यावर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी माती आपणहून तडकलेली असते. जाड खपल्या बोटाने काढायच्या, उरलेली माती कोरड्या ब्रशने झटकायची. जुना मऊ टूथब्रशही चालतो. आधी सगळ्या दिशांनी धूळ उडवायची आणि शेवटी एकाच दिशेने हात फिरवायचा, म्हणजे लव एकसारखी बसते आणि रंग एकसारखा दिसतो. स्वेडसाठी पितळी तारांचा ब्रश मिळतो, तो हलक्या हाताने चालतो. नुबकची लव फार बारीक असते, त्याला तार लावू नये, ओरखडे पडतात.

तरी डाग राहिला तर शाळेतलं पांढरं खोडरबर घ्यायचं. रंगीत नको, त्याचा रंग उतरतो. पेन्सिलीचं खोडतो तसंच खोडायचं आणि चुरा झटकायचा. निम्मे डाग एवढ्यावर जातात. मला तर पाचवीच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं.

तेलाचा डाग पडला, म्हणजे आमच्याकडे शेवभाजीचा रस्सा सांडला असं समजा, तर पाणी अजिबात नाही. लगेच वरून कॉर्नफ्लॉवर नाहीतर टाल्कम पावडर भुरभुरायची, रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी ब्रशने झटकायची. ती तेल शोषून घेते. एकदा नाही गेला तर परत करायचं. बेसन वापरू नका. त्यात स्वतःचाच स्निग्ध अंश असतो आणि रंगही पिवळा.

ते पांढरट वेटोळं का आलं होतं, तेही कळलं. पाणी वाळताना त्यातले क्षार आणि कातड्यातला रंग ओल्या भागाच्या कडेला नेऊन टाकतं. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार आलेच. यावर उपाय थोडा उलटा आहे. डागापुरतंच ओलं करायचं नाही. स्वच्छ फडकं किंवा स्पंज किंचित ओला करून सगळा बूट एकसारखा दमट करायचा, म्हणजे कड उरतच नाही. पाणी मात्र बोअरचं नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी गॅरेजवर मिळतं, ते उत्तम. क्षारांचा डाग हट्टी असला तर पांढरं व्हिनेगर आणि हेच पाणी निम्मंनिम्मं करून फडक्याने टिपायचं. आधी बुटाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी करून बघायचं. मग आत साधा कोरा कागद कोंबून सावलीत वाळवायचं. वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगाच्या बुटाला लागू शकते, म्हणून कोरा कागद बरा. ऊन नाही, हीटर नाही, चुलीची कड तर नाहीच. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात माणूस वाळतो, कातड्याची काय कथा! ओलावा झपाट्याने गेला की तंतू एकमेकांना चिकटतात आणि कातडं कडक होतं. माझे बूट पापड झाले ते असे.

बसलेली लव उठवायची तर किटलीच्या वाफेवर बूट वीतभर उंच धरायचा, क्षणभरच, आणि लगेच ब्रश मारायचा. वाफ द्यायची आहे, शिजवायचं नाही.

पावसाळ्यात बुरशी येते. बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की हमखास येते. कापडी पिशवीत ठेवावेत, किंवा नुसते मोकळे. बुरशी आलीच तर घरात नाही, अंगणात जाऊन, नाकाला रुमाल बांधून झटकायची. पाणी न लागण्यासाठी फवारा मिळतो, तोही पावसाळ्याआधी स्वच्छ, कोरड्या बुटावर मारून ठेवावा. पण मोकळ्या हवेत, आणि जवळपास गॅस किंवा विडीकाडी पेटलेली नसताना. तो श्वासात गेला तर फुप्फुसांना बाधतो. बंद खोलीत मारून तिथंच झोपू नये.

झालं. एवढंच आहे हे सगळं शास्त्र. ब्रश, खोडरबर, पावडर, सावली आणि थांबण्याची तयारी. सगळं मिळून खर्च शंभर-दीडशे रुपये, ब्रश घरातलाच असला तर त्याहून कमी.

लोक म्हणतात स्वेड नाजूक असतं. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तच्या वाळवंटात असलेले ब्रिटिश अधिकारी कैरोच्या बाजारातून स्वेडचे घोट्यापर्यंतचे बूट शिवून घेत. ते बूट ब्रह्मदेशात नेमणुकीवर असलेल्या नेथन क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने पाहिले. तो क्लार्क्स या बूट बनवणाऱ्या घराण्यातला. 1950 मध्ये त्याने तसेच बूट काढले आणि डेझर्ट बूट म्हणून ते जगभर गेले. म्हणजे हे बूट मुळात धुळीतलेच आहेत. कोरड्या धुळीचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना सोसत नाही ती आपली घाई, आपलं पाणी आणि आपलं पॉलिश.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना चालत नाही, असं मी आता म्हणतो. त्यांना परक्याच्या हवाली करणं. चकचकीत बूट रस्त्यात उभ्याउभ्या कोणाकडूनही पाच मिनिटांत करून घेता येतो. स्वेडला आधी वाळू द्यावं लागतं, मग झटकावं लागतं, मग पावडर टाकून रात्रभर वाट बघावी लागते. हे पायात बूट ठेवून, पेपर वाचत होत नाही. ते ज्याचं त्याने घरी करायचं काम आहे.

आणि घरी करायला बसलं की आजीने न सांगता शिकवलेलं सगळं वर येतं. पहिल्यांदा मी मागच्या ओट्यावर बूट घेऊन बसलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, स्टँडवर द्या की, वीस-तीस रुपये घेईल." मी म्हटलं, त्यांनीच घरी करायला सांगितलंय. ती गप्प बसली, पण नंतर साबणाची वडी मुकाट्याने ओट्यावर ठेवून गेली. मी हात धुतले. धूळ होती म्हणून धुतले. पण आतून नेमकं कशासाठी धुतले, हे मलाच सांगता येत नाही.

आपली भाषाच बघा ना. पायीची वहाण पायीच बरी. कोणाला जोडे मारायचे, कोणाच्या दारी जोडे झिजवायचे. उपकार फेडायचे म्हटलं तरी कातड्याचे जोडे करून पायात घातले तरी फिटणार नाहीत म्हणतो. अपमान करायचा असो की नम्रपणा दाखवायचा असो, जोडा खालीच. आणि जोडा खाली म्हटल्यावर जोड्याला हात लावणाराही खाली, हे ओघाने आलंच. शतकानुशतकं एका समाजाला आपण तिथं बसवून ठेवलं आणि संत रोहिदासांची जयंती मात्र न चुकता कॅलेंडरवर छापली.

परवापरवाचं उदाहरण सांगतो. जून 2025 मध्ये मिलान शहरात प्राडा या इटालियन कंपनीने फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापुरीचं नावसुद्धा घेतलं नाही. केवढा संताप झाला आपल्याकडे! झाला तो योग्यच झाला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की हे भारतीय कारागिरीवरूनच सुचलं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर चार दिवस दुसरा विषय नव्हता. मीही दोन-तीन कडक मेसेज पुढे ढकलले. "आमच्या कारागिरांचा अपमान!" वगैरे.

आणि त्याच पावसाळ्यात, स्टँडवर फळीवर बसलो असताना माझ्या लक्षात आलं की ज्यांच्यासमोर मी आयुष्यभर पाय पुढे करत आलो त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. मिलानमधल्या चपलेसाठी मी भांडत होतो आणि साक्रीतल्या कारागिराला नुसता "बाबा" म्हणत होतो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे काय, सगळ्यांनी आपापले बूट घरी साफ केले तर त्या बिचाऱ्याच्या पोटावर पाय नाही का? मला हा प्रश्न पडला होता. मी त्यांनाच विचारला. ते हसले. पॉलिशमध्ये काय मिळतं, असं म्हणाले. तळ बदलणं, टाच बसवणं, उसवलेलं शिवणं, बॅगेची चेन घालणं, काम त्यात आहे. ते दुसऱ्याला जमत नाही. धूळ झटकायला काय, पोरगंही झटकेल.

मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि माझं मत तेव्हाच पक्कं झालं. आपण चांभाराला दोन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे देतो. एक, त्याच्या हातातल्या कसबाचे. दोन, आपल्याला जे करायची किळस येते ते त्याने करावं याचे. पहिले पैसे मानाचे आहेत, आणि ते आपण देतो त्यापेक्षा खूप जास्त द्यायला हवेत. तळ बदलायला ऐंशी रुपये सांगितले की आपण साठ म्हणतो, आणि मॉलमध्ये छापलेली किंमत मुकाट्याने देतो. दुसरे पैसे मात्र द्यायचेच बंद करायला हवेत. कारण ते आपण बुटासाठी देत नाही, आपल्या मनातल्या त्या जुन्या गोष्टीसाठी देतो.

हा काही माझा नवा शोध नाही. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर चपला शिवायला शिकले. त्यांचे मित्र कॅलनबाख एका ख्रिस्ती मठात जाऊन ते काम शिकून आले होते, त्यांच्याकडून. बॅरिस्टर झालेला वाण्याचा मुलगा कातड्याला हात घालतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. 1914 मध्ये आफ्रिका सोडताना त्यांनी स्वतः शिवलेल्या चपलांचा एक जोड जनरल स्मट्स यांना दिला, ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं त्यांनाच. स्मट्स यांनी त्या कितीतरी उन्हाळे वापरल्या आणि 1939 मध्ये गांधीजींच्या सत्तरीनिमित्त परत पाठवल्या. त्या चपलांमध्ये उभं राहण्याची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. एवढ्या वर्षांत पायातली वस्तू आदराची होऊन गेली होती.

आणि आपल्या खानदेशातलं सांगायचं तर साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातला आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आपल्या सगळ्यांना आठवतो. आईने त्याला पायांवरून मनाकडे नेलं, तेही आठवतं. तिथं डोळ्यांत पाणी येतं. पण पुस्तक मिटलं की आपण पायांपाशीच थांबतो, मनापर्यंत जायचं राहून जातं. हे मी स्वतःबद्दल म्हणतोय, तुमच्याबद्दल नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

असो. बरंच लांबलं.

बूट पूर्ववत झाले का? पूर्ण नाही. डाव्या पायाच्या चवड्यावर त्या पहिल्या दिवसाचं वेटोळं अजून पुसट दिसतं. लव बरीचशी परत आली, कडकपणा तीन-चार वेळा ब्रश मारून आणि वापरून कमी झाला. भाचा दिवाळीला आला तेव्हा त्याने बूट बघितले आणि म्हणाला, "मामा, छान ठेवलेत की!" मी काही बोललो नाही. त्याच रविवारी त्याला ओट्यावर बसवलं, त्याचे स्वतःचे बूट त्याच्या हातात दिले, आणि ब्रश दिला. सात-आठ वर्षांची त्याची मुलगी पण येऊन बसली. तिने खोडरबर घेतलं आणि बाबाच्या बुटावरचा डाग जीव लावून खोडला. डाग गेल्यावर टाळ्या पिटल्या. तिला कोणी अजून काही न सांगता शिकवलेलं नव्हतं. मी मुद्दाम बघत होतो, कोणी तिला हात धुवायला सांगतंय का. जेवायची वेळ झाल्यावर सगळ्यांनाच सांगितलं, तेव्हा तिलाही सांगितलं. हे ठीक आहे.

डिसेंबरात त्या बुटांचा तळ एका बाजूने सुटला. चांभारबाबांकडे गेलो. बूट काढून हातात दिले, खोक्यावर पाय ठेवला नाही. त्यांनी तळ चिकटवला, वरून टाके घातले, इतके सारखे की मशीनचे वाटावेत. जेवढे सांगितले तेवढे दिले. काम चालू असताना त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, गाव सांगितलं, मुलगा काय करतो ते सांगितलं. ते इथं लिहीत नाही, त्यांना तसं विचारलेलं नाही.

निघताना त्यांनी बुटावरून एकदा तळहात फिरवला, लव उठते का बघितली, आणि म्हणाले, "बरं ठेवेल शे."

मला बऱ्याच दिवसांनी कोणीतरी पास केल्यासारखं वाटलं.